अडकलेला चोक आणि त्याची तीन घराणी



आजचा विषय बोटाएवढा आहे. जुन्या मोटारसायकलचा चोक आणि तो हलवणारा लिव्हर. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण १९९० च्या आगेमागे महाराष्ट्रात गेलं, त्यांच्या कानात हा शब्द एका ठरावीक आवाजात बसलेला असतो. हिवाळ्यातली सकाळ, शाळेला उशीर, कानटोपी घातलेले बाबा किक मारून दमलेले, आणि ओसरीवरून आजोबांचा सल्ला, "अरे, चोक दे आधी!" कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर, "चोक वड की!" इंग्रजीतला मूळ शब्द गळा दाबण्याचा. आपल्याकडे गटार 'चोकअप' होतं, तेही त्याच शब्दातून. गळा थोडा दाबला की गाडी जागी होते, असा हा उलटा प्रकार आहे.

आता समजा, तुम्ही जुलैच्या सुट्टीत दोह्याहून घरी गेलात. पार्किंगच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली वडिलांची बुलेट आहे, नाहीतर येझदी. मुलं म्हणतात, चालू करून दाखवा. तुम्ही चादर काढता, धूळ झटकता, चोकला हात घालता आणि तो हलत नाही. किंवा गाडी इथेच आहे, हौसेने आणलेली, व्हिलाच्या शेडमध्ये उभी, आणि डिसेंबरात थंडी पडल्यावर तुम्हाला पहिल्यांदा चोकची आठवण झाली. दोन्हीकडे माणूस एकच गोष्ट करतो. पक्कड आणतो.

पक्कड राहू द्या. आधी हा चोक कोणत्या घराण्याचा आहे ते ओळखा. कारण जुन्या गाड्यांवर चोक नावाची एकच वस्तू नव्हती. गाडी कुठल्या देशाच्या नकाशावरून बनली आणि कोणत्या वर्षी बनली, यावर आतली रचना ठरते, आणि तो हिसका मारून तुटला तर काय होईल, तेही त्यावरच ठरतं.

मुळात चोक लागतो कशाला? गरम इंजिनाला वजनाने साधारण १५ भाग हवेत १ भाग पेट्रोल पुरतं. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब नळीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि ठिणगीपाशी पोचणारं मिश्रण फार पातळ होतं. म्हणून सुरुवातीची थोडी मिनिटं एकतर हवा कमी करायची किंवा पेट्रोल वाढवायचं. या दोन वाटांमधूनच घराणी निघाली.

पहिलं घराणं ब्रिटिश. १९२७ साली तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन 'अमल' ही कंपनी झाली. पुढची कित्येक दशकं ब्रिटिश मोटारसायकलींवर बहुतेक तिचेच कार्बोरेटर दिसत. यात हवेच्या वाटेत एक छोटी सरकती पट्टी असते. हँडलवरचा लिव्हर केबलने तिला वर ओढतो. केबल सैल सोडली की स्प्रिंग पट्टीला खाली ढकलतं आणि हवा अडते. त्या काळच्या हँडलवर असे लिव्हर दोन-तीन असत, एक हवेचा, एक ठिणगी मागेपुढे करण्याचा. गाडी चालवणारा माणूस अर्धा फिटरच असे. हे सगळं शक्य झालं ते बाउडन केबलमुळे. वळणांतून जाणाऱ्या लवचीक आवरणाच्या आत सरकणारी तार, या कल्पनेचं पेटंट १८९६ चं. आपले मेस्त्री आजही 'आउटर' आणि 'इनर' म्हणतात ते याच दोन भागांना.

बुलेट ही या ब्रिटिश घराण्यातली. मद्रासला एनफील्ड इंडिया १९५५ मध्ये उभी राहिली. मूळची इंग्लंडची कंपनी १९७० मध्ये संपली, तरी मद्रासची बुलेट तशीच बनत राहिली. इतकी तशीच, की १९७७ पासून ती उलट इंग्लंडला जाऊ लागली. त्यामुळे बुलेट पाहून तिचं वय सांगणं अवघड, आणि चोकचंही तसंच. जुन्या बुलेटवर अमल पद्धतीचा कार्बोरेटर, तर नंतरच्या कित्येकांवर जपानी मिकुनीच्या परवान्याने भारतात बनलेला 'मिकार्ब', आणि त्याचा चोक अगदी वेगळा. त्याच्याकडे येतोच.

दुसरं घराणं चेक. मुंबईतल्या एका इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली आणि १९६१ पासून जावा तिथे बनू लागली. १९७३ मध्ये परवान्याचं नाव सोडून गाडी 'येझदी' झाली. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलं, असं सांगतात. आपल्याकडे केक-चहाची हॉटेलं चालवणारे कित्येक इराणी त्याच भागातले. दोह्याच्या कॉर्निशवर उभं राहून समुद्रापलीकडे पाहिलंत तर यझ्द त्याच दिशेला आहे, किनाऱ्यापासून बरंच आत. जावाच्या चेक जिकोव्ह कार्बोरेटरवर एक बटण असे. ते दाबलं की आतला तरंगता गोळा खाली जाई, पेट्रोल भरून वर येई, आणि मग किक. हवा अडवायची नाही, पेट्रोलच ओतायचं. तुम्ही जावावाल्यांना बोटाला पेट्रोल लागेपर्यंत बटण दाबताना पाहिलं असेल. अमलवरही असं बटण होतं, म्हणून काही जण चोकला हातच लावत नसत.

तिसरं घराणं इटलीहून आणि जपानहून आलं, आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त पसरलं तेच. यात हवा अडवतच नाहीत. कार्बोरेटरच्या बाजूला एक लहान पितळी दट्ट्या असतो. तो वर उचलला की पेट्रोलची एक जादा वाट उघडते. नाव चोकच, पण गळा कुणी दाबत नाही. व्हेस्पा, बजाज चेतक, यामाहा आरएक्स १००, मिकार्बवाली बुलेट, सगळ्या याच घराण्यातल्या.

चेतक मोटारसायकल नाही, हे मला मान्य आहे. पण चोकचा इतिहास सांगायचा आणि चेतक गाळायची, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला शोभणार नाही. आकुर्डीला बजाज ऑटोने पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. चोकचा खटका सीटखाली, पेट्रोलच्या कॉकजवळ. पण खरा विधी वेगळाच होता. किक मारण्याआधी स्कूटर एका बाजूला कलती करायची, क्षणभर धरायची, सरळ करायची. गाडी कलली की कार्बोरेटरच्या वाटीतला तरंगता गोळा जागचा हलतो आणि जादा पेट्रोल आत उतरतं. जावाचं बटण जे काम करी, तेच इथे अख्खी गाडी वाकवून व्हायचं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा केलं त्याचं नाव इतिहासात नाही, पण देशभरातल्या लोकांनी ते उचललं.

आणि इथे आखाताचा संबंध येतो. त्या परवानाराजच्या काळात कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या ते सरकार ठरवी. चेतकसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबत. मुलीच्या जन्माच्या वेळी नंबर लावला आणि ती शाळेत जायला लागल्यावर स्कूटर आली, हे विनोदाने सांगतात पण त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. ही रांग टाळायचा एक सरळ मार्ग होता, परकीय चलनात पैसे भरायचे. आखातात नोकरीला गेलेला भाऊ किंवा मुलगा पैसे पाठवी आणि गावाकडे स्कूटर दारात येई. गंमत अशी की १९५९ पासून आखातासाठी वेगळा रुपया होता, रिझर्व्ह बँकेने काढलेला, नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेला, आणि कतारमध्ये १९६६ पर्यंत तोच चालत होता. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि कतारने तो सोडला. पुढे इथला पगार रियालमध्ये आणि घरची स्कूटर त्या रियालच्या जोरावर. तेव्हा गावाकडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या गाडीमागे कुणाच्या तरी दोह्यातल्या, कुवेतमधल्या, मस्कतमधल्या उन्हाळ्याचे पैसे असू शकतात. घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा.

१९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, आणि पाठोपाठ १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. चोक होता, पण आता तो विसरला तरी चालत होतं. मग १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस ६ लागू झालं, नव्या दुचाकींवर इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि चोक जवळपास संपला. बुलेटवरूनही गेला. नव्या गाडीत थंडी ओळखण्याचं काम सेन्सर करतो. तुमच्या मुलांना चोक म्हणजे काय हे सांगावं लागतं ते त्यामुळे.

आता कतार. चोक हे थंड देशांचं हत्यार. निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की तो लागतो. दोह्यात जानेवारीची पहाट सोडली तर त्याला काम नाही. आणि अडकण्याचं मुख्य कारण तेच. वर्षातले दहा महिने हा लिव्हर कुणी हलवतच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरची दमट, खारी हवा तारेवर गंज चढवते. उन्हात प्लास्टिकचं आवरण कडक होऊन चिरा जातात. वाटीतलं पेट्रोल उन्हाळ्यात पटापट उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर उरतो. त्यावर शमाल वारा पिठासारखी धूळ आणून टाकतो. ही धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की तिचा घासणारा लेप होतो.

या धुळीची ख्याती जुनी आहे. २००४ मध्ये लुसैलच्या ट्रॅकवर पहिली मोटोजीपी झाली, तेव्हा सुरुवातीची जागा निसरडी होऊ नये म्हणून व्हॅलेंटिनो रॉसीच्या माणसांनी तिथे स्कूटरचं चाक फिरवून रबर घासलं. शिक्षा म्हणून रॉसीला सगळ्यांत मागून सुटावं लागलं. मॅक्स बियाजीच्या लोकांनी जागा झाडली, त्यालाही तीच शिक्षा. ट्रॅकच्या कडेने तर वाळू आत येऊ नये म्हणून कृत्रिम गवत लावलेलं आहे. तेव्हा तुमच्या शेडमधल्या गाडीचं काय होत असेल ते बघा.

तर दुरुस्ती. सकाळी लवकर करा, मोकळ्या हवेत, सावलीत. बंद गॅरेजमध्ये किंवा एसीच्या खोलीत पेट्रोलची वाफ साचते, तिथे हे काम नको. पेट्रोलचा कॉक बंद. हातमोजे घाला.

अडलंय कुठे ते आधी शोधायचं. केबलवाला चोक असेल तर केबल कार्बोरेटरकडून सोडवा. मग तीन गोष्टी वेगवेगळ्या हलवून पाहा, नुसता लिव्हर, नुसती केबल, नुसता दट्ट्या किंवा पट्टी. बहुतेक वेळा तिघांपैकी एकच दोषी असतो. अजून एक साधी चाचणी आहे. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून लिव्हर ओढा. एका बाजूला जास्त जड लागला, तर दोष केबल नेण्याच्या वाटेत आहे. ती कुठेतरी दुमडली किंवा दाबली गेली आहे.

लिव्हर जड असेल तर त्याच्या मधला स्क्रू पाहा. ब्रिटिश लिव्हरला स्प्रिंगच्या ओढीविरुद्ध जागेवर थांबायचं असतं, म्हणून आत घर्षण देणारी चकती मुद्दाम ठेवलेली असते आणि त्या स्क्रूने ती कमीजास्त घट्ट होते. कधीकधी कुणीतरी तो स्क्रू आवळून ठेवलेला असतो, बाकी काहीच बिघडलेलं नसतं. उघडलात तर जुनं ग्रीस पुसा, फिरणाऱ्या खिळीला किंचित ग्रीस लावा, पण चकतीला तेल लावू नका. तेल लागलं की लिव्हर इतका सुळसुळीत होतो की गाडीच्या थरथरीने आपोआप सरकतो आणि चोक रस्त्यातच लागतो.

केबल जड असेल तर ती काढून उभी टांगा. जाड प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून वरच्या टोकाला नरसाळ्यासारखा बांधा आणि त्यात पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडून रात्रभर ठेवा. खालून आधी काळं पाणी येतं, मग स्वच्छ तेल. तोवर घाई नको. डब्ल्यूडी-४० फवारून लगेच मोकळी झाल्यासारखी वाटते, पण ते मुख्यतः गंज सोडवायला आणि ओल घालवायला आहे. त्यातला पातळ भाग उडून गेला की केबल पुन्हा कोरडी होते. तारेचा एखादा धागा जरी तुटून वर आला असेल तरी ती केबल टाकून द्या. आणि आतून नायलॉनचं अस्तर असलेली नवी केबल असेल तर तिला तेल लागतच नाही.

आता घराण्याचा हिशेब. ब्रिटिश पट्टीच्या चोकची केबल तुटली तर स्प्रिंग पट्टीला खाली ढकलतं, म्हणजे चोक लागलेलाच राहतो. गाडी काळा धूर सोडते, प्लग काळा पडतो, आणि तसंच दामटलं तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि बोअर खराब होतो. इटालियन-जपानी दट्ट्याच्या चोकची केबल तुटली तर स्प्रिंग दट्ट्याला बसवतं, म्हणजे चोक बंद. दोह्यात अशी गाडी वर्षभर चालवाल, तुम्हाला कळणारही नाही. म्हणूनच ब्रिटिश गाडीवर हिसका मारणं महागात पडतं. केबल लावतानाही फरक आहे. दट्ट्याच्या केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील हवीच, नाहीतर दट्ट्या पूर्ण बसत नाही आणि गाडी कायम पेट्रोल पिते. पट्टीची केबल मात्र अशी लावायची की लिव्हर उघडल्यावर पट्टी पूर्ण वर जाईल, हवेच्या वाटेत तिची कड लोंबणार नाही.

दट्ट्याच अडकला असेल तर त्याच्याभोवतीची नट-टोपी सोडवून कार्बोरेटर क्लीनर सोडा, थांबा, पुन्हा सोडा. पितळेला सँडपेपर लावू नका. त्याची मापं केसाएवढ्या फरकाने बिघडतात. दट्ट्याच्या तळाला छोटी रबरी गादी असते, क्लीनरने ती फुगते, म्हणून दट्ट्या बाहेर आल्यावर गादी लगेच पुसून कोरडी करा. गादी कडक झाली किंवा चिरली असेल तर चोक बंद असतानाही पेट्रोल झिरपत राहील. दट्ट्याच्या गाडीला चोक दिल्यावर किक मारताना ॲक्सिलरेटर पिळू नका. पिळला की ती जादा वाट ओढ धरत नाही आणि चोक दिला काय, न दिला काय, सारखंच.

उष्ण देशात राहणारे काही जण अमलची पट्टी काढूनच टाकतात आणि वरचं भोक बुजवतात. कतारमध्ये ते चालून जाईल. पण काढलेला प्रत्येक तुकडा नाव लिहून पिशवीत ठेवा. भारतात २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' येतं, आणि त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. १९७३ ची पहिली येझदी आता त्या वयाची झाली आहे. मूळ लिव्हर भंगारात गेला की तसाच परत मिळवायला वर्षं जातात.

घरी उभ्या असलेल्या गाडीबद्दल एक वेगळी काळजी. भारतातल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या उसातून येतं. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवतं आणि महिनोन् महिने वाटीत राहिलं तर पितळावर हिरवट आणि जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरा थर धरतं. सुट्टी संपवून परत येताना कॉक बंद करा, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा किंवा वाटीचा तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून घ्या. चोक बंद स्थितीत ठेवा, म्हणजे दट्ट्याचं स्प्रिंग ताणलेलं राहणार नाही.

नंतर महिन्यातून एकदा, इंजिन बंद असताना, लिव्हर दोन-तीनदा पूर्ण हलवायचा, इतकंच काम उरतं. ते भावाला सांगा, शेजारच्या पोराला सांगा, आणि वडिलांना जमत असेल तर त्यांनाच. पुढच्या शुक्रवारी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा त्यांना गाडीसमोर उभं करा आणि विचारा, थंडीत ती कशी चालू करायचे, चोक किती द्यायचे, कधी काढायचे. प्रत्येक गाडीची खोड वेगळी असते आणि ती पुस्तकात नसते. फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. आणि आरसी बुकावरचं वर्ष आणि कार्बोरेटरवर कोरलेलं नाव वाचून दाखवायला सांगा. त्याशिवाय दुकानदार केबल कुठली द्यायची ते सांगू शकणार नाही.